रविवारचा प्रश्न आणि पडद्याबाहेर राहिलेला एरिक लिडेल

मंडळी, सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आज या व्याख्यानात ‘आम्ही’ हा शब्द वारंवार येईल. जुने संपादक अग्रलेखात स्वतःला ‘आम्ही’ म्हणायचे, तसला हा आम्ही नाही. आम्ही खरोखरच पाचजण आहोत. कॉटन ग्रीन, काळाचौकी, घोडपदेव या पट्ट्यात राहणारे. एकजण क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात, एक शाळेत शिक्षक, एक बँकेत, एक परिचारिका आणि पाचवा कुरिअर कंपनीत. चौघांची घराणी मूळची नगर जिल्ह्यातली, दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. पाचवा वारकऱ्याच्या घरातला. पाचहीजण ट्रायथलॉनचा सराव करतो. पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात. आमच्यातल्या कुणाचा कधी नंबर आलेला नाही, आणि येईल असं घरच्यांनाही वाटत नाही.

कॉटन ग्रीन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं स्टेशन. नावात कापूस आणि हिरवळ, प्रत्यक्षात दोन्ही नाही. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे हलला आणि नाव सोबत घेऊन आला. कॉटन एक्स्चेंजची इमारत अजून उभी आहे, गोदामं आहेत, आणि पहाटे चारलाही कंटेनरचे ट्रेलर आहेत. समुद्र अगदी जवळ. पण तो पोहायचा समुद्र नाही. ओहोटीला नुसता चिखल, हिवाळ्यात त्यावर फ्लेमिंगो. त्यामुळे पोहायला शिवाजी पार्कचा तलाव, सायकलला लालबाग-भायखळा करत मरीन ड्राइव्ह, आणि धावायला गोदामांमधले रस्ते. गणपतीत दहा दिवस लालबागच्या रांगांमुळे तीही वाट बंद. तक्रार नाही. आम्हीही त्या रांगेत असतो.

आता मुद्द्यावर. आम्हा चौघांच्या मंडळीच्या तरुण संघात एका शनिवारी संध्याकाळी ‘चॅरिअट्स ऑफ फायर’ दाखवला. १९८१चा इंग्रजी चित्रपट, दिग्दर्शक ह्यू हडसन. चार ऑस्कर मिळालेला, त्यातलं एक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमधले दोन ब्रिटिश धावपटू, हॅरल्ड अब्राहम्स आणि एरिक लिडेल, यांची गोष्ट. लिडेल स्कॉटिश, मिशनऱ्याचा मुलगा. १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती धावायला नकार दिला, ४०० मीटर धावला आणि सुवर्णपदक जिंकला. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि आमच्यातला बँकवाला सगळ्यांसमोर उठून म्हणाला, “हा माणूस ऑलिंपिक सोडतो, आणि आपण दर रविवारी सायकलसाठी उपासना सोडतो. मी उद्यापासून येणार नाही.” आणि खरंच आला नाही. सव्वा वर्ष झालं त्याला. बोलणं चालू आहे, पण पूर्वीसारखं नाही. आजचं हे व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे असं समजा. पहिल्या रात्री द्यायला हवं होतं, तेव्हा सुचलं नाही.

त्याचं म्हणणं चूक होतं असं आम्ही म्हणत नाही. अडचण खरी आहे. आपल्याकडे जवळपास प्रत्येक शर्यत रविवारी असते. मुंबई मॅरेथॉन २००४पासून रविवारीच. गोव्यात २०१९ साली भारतातली पहिली आयर्नमॅन ७०.३ झाली, १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं, तीही २० ऑक्टोबरला, रविवारी. हौशी माणसाला सुट्टी त्याच दिवशी, रस्ते मोकळे त्याच दिवशी. लांब पल्ल्याची सायकल चालवायची तर आठवड्यात दुसरा दिवस नाही. आणि उपासनाही त्याच सकाळी. साडेचारला निघून साडेआठला परत आलं, आंघोळ करून नऊच्या उपासनेला बसलं, तर उपदेश सुरू होताच डोळे मिटतात, आणि ते प्रार्थनेने मिटलेले नसतात हे पाळकसाहेबांना वरून स्पष्ट दिसतं. वर उपासना संपवून कुर्ल्याच्या मावशीकडे जायचं तर हार्बरवर मेगाब्लॉक.

तेव्हा प्रश्न खरा आहे. आमचं भांडण आहे ते चित्रपटाने त्या प्रश्नाला दिलेल्या आकाराशी.

चित्रपटात लिडेलला रविवारची गोष्ट कधी कळते? फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर चढताना. पत्रकार पुढे येतो, विचारतो, आणि लिडेलचा चेहरा पडतो. मग प्रिन्स ऑफ वेल्ससकट बडे लोक त्याला एका खोलीत घेरतात, राजा आणि देश यांची आठवण करून देतात, तो मानत नाही. शेवटी एक उमराव मित्र आपली ४०० मीटरची जागा त्याला देऊ करतो आणि पेच सुटतो. नाट्य म्हणून उत्तम जमलंय. आम्ही तीनदा पाहिलाय, आणि समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या पोरांबरोबर व्हॅन्जेलिसचं संगीत सुरू झालं की अजूनही पाय आपोआप हलतात.

पण घडलं तसं नव्हतं. वेळापत्रक लिडेलला कित्येक महिने आधी माहीत होतं. बोट नाही, पत्रकार नाही, जागा देणारा उमरावही नाही. त्याने १०० मीटर आधीच सोडली होती, आणि ते महिने ४०० मीटरच्या तयारीत घालवले होते. शंभर मीटरवाल्याने चारशेचा सराव करायचा म्हणजे काय, हे ज्याने कधी पल्ला वाढवलाय त्याला विचारा. दम वेगळा, पाय टाकायची पद्धत वेगळी, आणि शेवटच्या शंभर मीटरला जे पोटात कालवतं तेही वेगळं. त्याने जिंकलं ते ४७.६ सेकंदांत, ११ जुलैला, शुक्रवारी. त्याआधीच्या रविवारी, ६ जुलैला, १०० मीटरच्या फेऱ्या चालू असताना तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये बोलायला उभा होता. २०० मीटरचं कांस्यही त्याने घेतलं. चित्रपटाला त्याचं काही पडलेलं नाही. दोन रिले शर्यतींची अंतिम फेरी पुढच्या रविवारी होती, त्या त्याने सोडल्या. त्या सोडण्याबद्दल कुणी त्याला खोलीत घेरलं नाही, त्यामुळे त्यावर प्रसंगही झाला नाही.

आमचा आक्षेप ऐतिहासिक चुकांवर नाही. चित्रपटाने वेळापत्रक बदललं तर बदलू दे. सिनेमावाल्यांना तेवढी मुभा असते. आक्षेप असा की महिन्यांचं काम त्यांनी एका क्षणात भरलं, आणि त्यामुळे श्रद्धा ही बोटीच्या शिडीवर घ्यायच्या निर्णयासारखी दिसू लागली. आमचा मित्र तो क्षण पाहून उठला आणि तसाच क्षण स्वतःच्या आयुष्यात आणला. खऱ्या लिडेलची गोष्ट पाहिली असती तर तो काय म्हणाला असता? कदाचित म्हणाला असता, “चला, वेळापत्रक नव्याने मांडू.” शनिवारी रात्रपाळी कुणाची, लाँग राइड बुधवारच्या सुट्टीला जमते का, रविवारी साडेसहाची लवकरची उपासना कुठे आहे का. हे सगळं कंटाळवाणं आहे, वहीत आखायचं काम आहे. पण लिडेलने त्या महिन्यांत नेमकं हेच केलं होतं.

इथे पौलाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण आमच्याकडे खेळ आणि श्रद्धा हा विषय निघाला की करिंथकरांस पहिल्या पत्राचा नववा अध्याय हमखास वाचला जातो. धावणारे सगळे, बक्षीस एकाला. तुम्ही ते मिळेल असं धावा, असा त्याचा रोख. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, आणि विजेत्याला पाल्याचा मुकुट मिळे, जो दोन दिवसांत सुकायचा. पौल त्या गावात दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत. म्हणजे नोकरी सांभाळून. आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते, कुणी उपदेशात ती सांगत नसलं तरी. पण त्याचं रूपक आमच्यावर बसत नाही हे मान्य करायला हवं. आमच्या शर्यतीत वेळेत पोचणाऱ्या प्रत्येकाला पदक असतं. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन झाली तेव्हा पंधराजण निघाले आणि बाराजण पोचले, आणि आज आठवण ठेवली जाते ती त्या बाराही जणांची. बक्षीस एकाला, हे आमच्या खेळात उरलेलं नाही. त्याच पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक कसरतीचा उपयोग बेताचाच असल्याचं सांगितलंय. तो भाग मात्र जिममध्ये लावलेल्या पोस्टरवर कधी दिसत नाही. आम्ही दोन्ही भाग एकत्र वाचतो. त्यातून आम्हाला इतकंच कळतं की पौलाला खेळाबद्दल काही ठरवायचं नव्हतं. त्याला समोरच्या करिंथच्या माणसाला कळेल असं उदाहरण हवं होतं.

आणि आता अडचणींकडे येतो. हौशी ट्रायथलॉनवाल्यांची भाषणं तुम्ही ऐकली असतील. त्यांचा साचा ठरलेला असतो. पंक्चर झालं, ताप आला, गुडघा गेला, लोक हसले. पण जिद्द ठेवली आणि शेवटी रेषा ओलांडली. चर्चमधल्या साक्षींचाही साचा असाच असतो. संकट आलं, प्रार्थना केली, वाट निघाली. दोन्ही ठिकाणी संकट हे शेवटच्या विजयासाठी राबणारं गडी माणूस असतं. आम्ही दोन्हीकडे बसतो, त्यामुळे दोन्हींचा कंटाळाही आम्हाला दुप्पट आहे. शिवडीच्या रस्त्यावर आमच्यातल्या शिक्षकाची सायकल खड्ड्यात गेली आणि गळपट्टीचं हाड मोडलं. गोव्याची नोंदणी झालेली होती, पैसे गेले. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, हा देवाचा इशारा आहे, रविवार पाळा. आमच्या वारकरी मित्राने शांतपणे विचारलं, “पण पडला तो गुरुवारी ना?” त्यावर कुणी काही बोललं नाही.

त्या पडण्याचा अर्थ काय? आमच्या मते काही नाही. खड्डा होता. आणि असं म्हटल्याने श्रद्धा कमी होते असं आम्हाला वाटत नाही.

असं लिहायची मराठीत एक मोठी वाट आहे, आणि ती आमच्याच समाजातून जाते. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तिथून पुढची जवळजवळ पाच वर्षं लक्ष्मीबाईंची. आधी आकांत, मग ताटातूट, मग नवऱ्याजवळ राहूनही स्वयंपाक-पाणी वेगळं, सोवळं जपलेलं, आणि १९००मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. पहिला भाग १९३४ साली आला. त्या पुस्तकात संकटं भरपूर आहेत. घरात दाणा नाही आणि टिळक पाहुणे घेऊन येतात, हातातलं कुणाला तरी देऊन टाकतात. पण बाई एकाही संकटाला कामाला लावत नाहीत. त्या ते सांगतात, हसतात, पुढे जातात. धर्म बदलण्याएवढी मोठी गोष्ट त्या पुस्तकात भांड्याकुंड्यांतून, चुलीतून, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं यातून हळूहळू घडते. बोटीची शिडी कुठेच नाही. ‘चॅरिअट्स ऑफ फायर’च्या शेजारी हे पुस्तक ठेवून पाहा. जगाने ज्याला ऑस्कर दिलं त्यात श्रद्धा कशी दिसते आणि नगरच्या एका बाईने लिहिलं त्यात कशी दिसते. तरुण संघात चित्रपट दाखवण्याआधी या पुस्तकाची पन्नास पानं वाचून घेतली असती, तर आमचे पाच अजून पाच असते असं आम्हाला उगाच वाटत राहतं.

आता चित्रपटाच्या शेवटाकडे. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात. लिडेल मिशनरी झाला, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चीनमध्ये वारला, सगळा स्कॉटलंड हळहळला. बस्स. वीस वर्षं दोन ओळींत. आम्हाला वाटतं खरी गोष्ट त्या दोन ओळींच्या आत आहे.

लिडेलचा जन्मच चीनमधला, तिएनत्सिनचा, १९०२चा. १९२५मध्ये, म्हणजे ऑलिंपिकनंतर लगेच, तो तिथे परत गेला. कॉलेजात शिकवलं, मुलांना खेळ शिकवले, पुढे खेड्यापाड्यांत काम केलं. १९४१मध्ये युद्ध जवळ आल्यावर गरोदर बायकोला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसऱ्या मुलीचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. १९४३मध्ये जपान्यांनी परदेशी लोकांना वेईशिएनच्या छावणीत कोंडलं, दीड हजारांहून जास्त माणसं, त्यांत आईबापांपासून तुटलेली शाळेची मुलंही. लिडेल त्या मुलांचा ‘अंकल एरिक’ झाला. शिकवायचा, खेळ घ्यायचा, फाटक्या हॉकी स्टिका चिंध्यांनी बांधून द्यायचा.

रविवारी मात्र खेळ नाही. त्याचा नियम तोच होता. मुलं कंटाळली. एका रविवारी त्यांनी आपणच हॉकीचा डाव मांडला. पंच नव्हता, मारामारी झाली. लिडेलने विचार केला असणार. काय विचार केला हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही, आणि चित्रपटवाल्यांनीही तो लिहिला नाही हे एका परीने बरंच झालं. पुढच्या रविवारी मुलं मैदानात उतरली तेव्हा पंच म्हणून लिडेल उभा होता.

मंडळी, हा तोच माणूस. सुवर्णपदकासाठी, राजासाठी, देशासाठी जो रविवारी धावला नाही, तो वीस वर्षांनी कोंडलेल्या पोरांची भांडणं होऊ नयेत म्हणून रविवारी शिट्टी घेऊन उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९४५ला मेंदूतल्या गाठीने तो त्या छावणीतच गेला, त्रेचाळीस वर्षांचा. छावणी सुटायला आणखी सहा महिने होते. हा प्रसंग चित्रपटात असता तर आमचा मित्र त्या रात्री काय म्हणाला असता, ते आम्हाला सांगता येत नाही. पण उठून एवढ्या खात्रीने बोलला नसता. आणि आम्हीही स्वतःला इतक्या सहज माफ केलं नसतं, हेही कबूल करायला हवं. कारण लिडेलने रविवार मोडला तो दुसऱ्यांसाठी. आम्ही मरीन ड्राइव्हवर मोडतो तो आमच्या ट्रायथलॉनच्या वेळेतली चार मिनिटं कमी करण्यासाठी. हा फरक पुसून टाकण्यासाठी हा प्रसंग वापरायचा नाही, असं आमच्यात ठरलंय. मोह होतो, तरी.

आमच्यातल्या परिचारिकेला हा सगळा वाद जरा हास्यास्पदच वाटतो. तिच्या महिन्यातल्या दोन रविवारी तरी ड्यूटी असते, आणि वॉर्डातल्या माणसाला सलाइन लावायला कुणी शब्बाथाचा विचार करत नाही. ती म्हणते, “तुम्हाला निवडायला मिळतं म्हणून तुम्ही भांडता.” ती सराव करते तो पाळी संपल्यावर, कधी दुपारी दोनला उन्हात, कधी रात्री दहाला गोदामांच्या रस्त्यावर आमच्यापैकी एकाला सोबत घेऊन, कारण एकटीने धावायचा तो रस्ता नाही. उपासना, सराव, झोप यांतली एक गोष्ट दर आठवड्याला गळते. कोणती, हे ती ठरवत नाही, ड्यूटीचा तक्ता ठरवतो. तिने कधी साक्ष दिली नाही आणि कुठल्या शर्यतीनंतर भाषणही केलं नाही. लिडेलवर कुणी पुन्हा चित्रपट काढणार असेल तर त्याने आधी तिच्याशी अर्धा तास बोलावं.

वारकरी मित्राचंही एक सांगायचं राहिलं. आम्ही त्याला एकदा म्हटलं, आळंदी ते पंढरपूर म्हणजे तुमची अल्ट्रा-मॅरेथॉनच की. तो चिडला. म्हणाला, “वारीत कुणी घड्याळ लावत नाही आणि मागे राहिलेल्याला डीएनएफ म्हणत नाही.” टिळक स्वतःच सांगायचे की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आम्ही चौघे त्याच पुलाच्या पलीकडच्या टोकाला जन्मलो, त्यामुळे पूल आम्हाला नीट दिसतच नाही. त्याचं हे वाक्य ऐकून क्षणभर दिसला.

बँकवाल्या मित्राबद्दल. गेल्या महिन्यात त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. रात्री कुणी ना कुणी जवळ लागतं. आम्ही पाळ्या लावल्यात, वहीत आखून, अगदी सरावाच्या तक्त्यासारख्या. रविवारची सकाळ शिक्षकाकडे आहे, कारण त्याचं हाड अजून नीट जुळलेलं नाही आणि सायकल तशीही बंद आहे. म्हणजे दर रविवारी नऊ वाजता बँकवाला उपासनेला बसतो आणि त्याच्या वडिलांना चमच्याने पेज भरवायला आमच्यातला तो, जो गुरुवारी पडला होता. मागच्या रविवारी उपासना संपवून आल्यावर मित्राने शिक्षकाला विचारलं की पोहण्याला खांद्याचा किती त्रास होतो. त्याने सांगितलं, सव्वा किलोमीटरनंतर दुखतं. एवढंच बोलणं झालं. पुढच्या रविवारी मेगाब्लॉक आहे, शिक्षक बसने जाणार आहे, आणि पेज आमच्या घरून जाणार आहे.